भिंतीला लावलेलं विरजण

त्या इमारतीत कुणाला खोकला झाला की आधी डॉक्टरला बोलवायचे आणि मग रंगाऱ्याला. डॉक्टर छाती तपासायचा, रंगारी भिंत. दोघांचं निदान बहुतेक वेळा एकच निघायचं: ओल.

पाच मजल्यांची ती इमारत एक तळं बुजवून त्यावर उभी केली होती. तळं बुजलं, पाणी काही गेलं नाही. ते पायातून भिंतीत चढायचं, भिंतीतून खोल्यांत उतरायचं. मग पोपडे सुटायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यात काळी बुरशी धरायची. रंगारी इमारतीच्याच नोकरीत होता. पत्र्यानं खरवडायचं, पुट्टी भरायची, घासपेपर मारायचा, प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात. शेवटच्या मजल्यावरून खाली येईपर्यंत पहिल्या मजल्यावर पुन्हा काळे ठिपके दिसायला लागलेले असायचे. ऐन उमेदीत नोकरीला लागला तेव्हा त्याला वाटलं होतं, गावभर हिंडू, नाना घरं रंगवू. प्रत्यक्षात त्यानं जन्मभर एकच घर रंगवलं, आणि ते कधी रंगवून झालं नाही.

नोकरीबरोबर त्याला तळमजल्यावरच्या, जिन्यालगतच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथं तो आणि त्याची थोरली बहीण राहत. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून अख्खी इमारत ताई म्हणायची. ती त्याला धाकट्या म्हणायची. पन्नाशी उलटली, दाढी पिकली, तरी धाकट्याच. आई गेली तेव्हा त्याला धड नाक पुसता येत नव्हतं. ताईनं शिवणयंत्र चालवून त्याला वाढवलं, आणि त्या गडबडीत तिचं लग्न राहून गेलं. पुढं त्याच्या लग्नाची वेळ आली तेव्हा तिला दमा लागलेला होता. "आधी हिचं बघू," असं म्हणता म्हणता त्याचंही राहिलं.

दम्याचं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. ताईचं यंत्र ज्या भिंतीला लागून होतं ती जिन्याचीच भिंत, इमारतीतली सगळ्यात ओली. रंगारी ती वर्षातून तीनदा रंगवायचा. भावानं रंगवलेली भिंत बहिणीचा जीव घेते, हे त्याला आतल्या आत खात असायचं. ताई त्याची समजूत काढायची. "तू काय करणार? भिंत रंगवायची असते, तिच्याशी कुस्ती नाही खेळायची."

असंच एकदा सेक्रेटरी एका बाईला घेऊन जिन्यात आले. सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, कमिटीचा सगळा कारभार बघणारे निवृत्त गृहस्थ. बाई एका प्रयोगशाळेतून आल्या होत्या. त्यांनी भिंतीला हात लावला, नखानं थोडं खरवडलं, वास घेतला आणि खूश झाल्या. त्या भिंतीकडे बघून आजवर कुणी खूश झालं नव्हतं.

बाईंचं म्हणणं असं की काळ्या बुरशीला मारत बसण्यात अर्थ नाही. ती मरते, जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेवर पुन्हा तीच येते. त्यापेक्षा त्या जागेवर चांगले जंतू वसवायचे. त्यांचा जिवंत थर भिंतीवर धरला की बुरशीला पाय ठेवायला जागा राहत नाही. ओल राहील, पण ती या जंतूंच्या कामी येईल.

"जंतू? भिंतीला?" सेक्रेटरी एक पाऊल मागं सरले.

"दुधाला विरजण लावतो ना आपण, तसंच. तेही जंतूच असतात."

तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर तेवढ्यात जिना उतरत होते. एकटे राहत, गुडघे गेलेले, जीभ मात्र धडधाकट. ते कठड्याला धरून म्हणाले, "म्हणजे चांगल्यांनी आधी जागा धरायची आणि वाईटांना बसू द्यायचं नाही. हे आपल्या कमिटीच्या अगदी उलट झालं, सेक्रेटरी."

सेक्रेटरी हसले नाहीत, पण हो म्हणाले. प्रयोग फुकट होता. जिन्याची भिंत तिसऱ्या मजल्यापर्यंत आणि तिच्याच पाठीला असलेली ताईची खोली, एवढ्यावर ठरलं.

बाईंनी बादलीतून जे आणलं ते पेजेसारखं दाट होतं, मातकट रंगाचं. लावायला रंगारीच. पण त्याचे सगळे ब्रश त्यांनी बाद केले, कारण त्यांत वर्षानुवर्षांचा तेलरंग मुरलेला होता. प्रायमर नाही, पुट्टी नाही, भिंत कोरडी करायची नाही. रंगाऱ्याचे हात अडखळायला लागले. जन्मभर ओल मारायला शिकला, आता ती राखायची होती. त्याला मनातून हे काही पटलं नव्हतं. बाई सांगतात म्हणून तो लावत गेला.

शिवाय रोज थोडं साखरेचं पातळ पाणी भिंतीवर फवारायचं. ते ऐकून ताई म्हणाली, "भिंतीला कान असतात हे ऐकून होते. पोट असतं हे आज कळलं."

पहिले काही आठवडे नुसता ओल्या चिखलासारखा रंग. येणारेजाणारे नाक मुरडायचे. मग थर हळूहळू बसला, गडद झाला, कोऱ्या चहासारखा. हात लावला तर किंचित मऊ लागायचा. नव्या मडक्यात पाणी ओतल्यावर येतो तसा वास जिन्यात राहायला लागला. आणि थंडी आली, तरी काळे ठिपके आले नाहीत. रंगारी रोज सकाळी बॅटरी घेऊन कोपरे बघायचा. कपाटामागं बघायचा, खिडकीच्या वर बघायचा. बघून झालं की पुन्हा पहिल्यापासून बघायचा. त्याचा विश्वास बसत नव्हता. हातचं काम टिकलेलं त्यानं आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

ताईचा श्वास एकदम नाही सुधारला. पण एक दिवस तिनं अख्खी चादर न थांबता शिवून काढली आणि शेवटची गाठ मारल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मध्ये टेकलोच नाही. मग एका संध्याकाळी ती जिना चढली. एका हातानं कठडा, दुसरा हात भिंतीपासून जपून दूर, अशी तिसऱ्या मजल्यापर्यंत. मास्तरांनी दार उघडलं आणि ते बघतच राहिले. इतकी वर्षं एकाच इमारतीत राहून ताईनं त्यांचं घर पाहिलं नव्हतं. तिनं त्यांच्याकडं चहा घेतला, वर चहाला नावं ठेवली, आणि खाली आली.

फवाऱ्याचं काम तिनं स्वतःकडं घेतलं. फवारताना ती भिंतीशी बोलायची. एकदा रंगारी आत आला तर म्हणाली, "तू लग्न केलं नाहीस, म्हणून मेली मला भावजय नाही मिळाली. शेवटी ही मिळाली बघ. उलट बोलत नाही, सांडत नाही, पण दोन वेळा खायला घालावं लागतं."

"आणि माहेरी जात नाही," रंगारी म्हणाला. दोघंही हसले. त्या खोलीत इतकं हसू फार दिवसांनी झालं होतं.

बाई दर पंधरवड्याला येऊन थराचे नमुने घेऊन जायच्या. त्यांनी रंगाऱ्याला खोटी आशा दाखवली नाही. "हे औषध नव्हे," त्या म्हणाल्या होत्या. "हे बिऱ्हाड आहे. पाणी तोडलं तर जाईल, फिनाईल मारलं तर जाईल. आणि एकदा गेलं की त्याच जागी पुन्हा बसवणं फार अवघड."

"कोण मारतंय फिनाईल?" रंगारी म्हणाला.

उन्हं तापायला लागली आणि सेक्रेटरींच्या नातीला उलट्या सुरू झाल्या. मग ताप. दोन दिवसांत शेजारच्या म्हातारीला तेच. मग चौथ्या मजल्यावरचं जोडपं. नातीला दवाखान्यात ठेवावं लागलं. पहिल्यांदा कुणी म्हटलं कुणास ठाऊक, पण एका दुपारी अख्ख्या इमारतीच्या तोंडी एकच गोष्ट होती: पोरगी जिन्यातून जाताना भिंतीला हात लावायची. जंतूंच्या भिंतीला.

जिन्याखाली सभा भरली. बाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी कागद आणले होते. मुलीच्या पोटात सापडलेला जंतू वेगळा, भिंतीवरचे वेगळे, भिंतीवरचे माणसाला बाधतच नाहीत, असं त्या सांगत होत्या. त्यांचं बोलणं सरळ होतं.

सेक्रेटरींनी कागद हातात घेतला नाही. त्यांची दाढी वाढलेली होती, डोळे लाल. "माझी नात सलाईनवर आहे," ते म्हणाले. "तिची आई तीन दिवस जेवलेली नाही. मला चांगले जंतू आणि वाईट जंतू शिकवू नका."

मास्तर कठड्याला धरून उभे होते. "अहो, आधी पाणी तरी तपासा," एवढं ते म्हणाले, पण त्यांना कुणीतरी बसायला खुर्ची दिली आणि त्यांचं बोलणं तिथंच राहिलं.

ठरलं ते ठरलं. ब्लीचिंगनं सगळी भिंत धुऊन काढायची, वर प्लास्टिक पेंट. बाईंनी आपल्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी सांगितलं, वाद नको, परत या.

"धुणार कोण?" कुणीतरी विचारलं. सगळे रंगाऱ्याकडं बघायला लागले.

तो म्हणाला, "जिन्याचं धुतो. आमच्या खोलीतलं राहू द्या. आत कुणी येत नाही."

"भिंत एकच आहे ना?" चौथ्या मजल्यावरचा नवरा म्हणाला. "जिन्यात धुवायची आणि पलीकडून पाळायची?" मग जरा दबकत, "खोली इमारतीची आहे, रंगारी. तुमची नाही."

सेक्रेटरींनी नुसती मान खाली घातली.

रंगारी खोलीत आला. सभेतलं सगळं ताईनं दाराआडून ऐकलं होतं. ती यंत्रावर बसली होती, पण यंत्र चालत नव्हतं.

"नोकरी सोडतो," तो म्हणाला. "जाऊ कुठंतरी."

"कुठं?"

तो यंत्राशेजारी जमिनीवर बसला.

"आपण गेलो तरी हे लोक दुसऱ्याला लावून धुणारच," ताई म्हणाली. "मग तूच धू. लावलंस तू, काढही तूच. परक्या माणसानं तारेचा ब्रश घेऊन माझ्या खोलीत घुसलेलं मला नाही बघवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः खाली आले आणि ताईला हात देऊन वर घेऊन गेले. दोघांना तो जिना चढायला कितीतरी वेळ लागला. रंगाऱ्यानं तोंडाला फडकं बांधलं, बादलीत ब्लीचिंग कालवलं आणि वरून सुरुवात केली. थर घट्ट बसला होता. तारेचा ब्रश लावला की तो सालीसारखा निघायचा. तपकिरी पाणी पायऱ्यांवरून ओघळत खाली गटारात जात होतं. जिन्यात तो मडक्याचा वास काही वेळ होता, मग नुसतं ब्लीचिंग. दुपारी त्यानं खोलीतली भिंत घेतली. यंत्र ओढून बाजूला केलं. ज्या उंचीपर्यंत ताईचा हात पोचायचा तिथवर थर जास्त दाट होता, हे त्याला धुतानाच कळलं. तो तिथंच उकिडवा बसला. मग उठला आणि तेही धुतलं.

त्याच आठवड्यात पाण्याची टाकी रिकामी झाली. पंप बिघडला म्हणून प्लंबर वर चढला, तर टाकीच्या तळाशी कुजलेलं कबूतर. झाकण कधीचं तुटलेलं होतं. प्लंबरनं ते बादलीत घालून जिन्यातून खाली आणलं. ज्यांनी पाहिलं त्यांनी दारं लावून घेतली. टाकी धुतली, नवं झाकण बसलं, आणि त्यानंतर नवं कुणी आजारी पडलं नाही. भिंतीचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

सेक्रेटरी आले. नात घरी आली होती, त्यानंतरच्या रविवारी. दारात उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. हातात फळांची पिशवी होती, ती त्यांनी उंबऱ्यावरच ठेवली.

"रंगारी, ते पुन्हा लावता येईल?"

त्या माणसाला हे विचारणं किती जड गेलं असेल ते रंगाऱ्याला दिसत होतं. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि न आल्याचंच त्याला वाईट वाटलं.

त्यानं बाईंना फोन केला. बाई आल्या, खूप अवघडलेल्या. प्रयोग बंद झाला होता, प्रयोगशाळेतला साठा टाकून दिला होता, आणि त्यांची दुसऱ्या शहरात बदली होत होती. तरी त्यांनी विजेच्या बोर्डाआड राहिलेला नखभर थर खरवडून घेतला आणि स्वतःच्या वेळात वाढवून एक डबाभर करून आणून दिला. प्लास्टिक पेंट फक्त जिन्याला लागला होता, खोलीतली भिंत अजून उघडी होती. रंगाऱ्यानं तिथं लावलं. ताईनं फवारलं. पण भिंतीत ब्लीचिंग मुरलं होतं. चार दिवस ते ओलं दिसलं, मग बुळबुळीत झालं, मग त्याला आंबूस घाण सुटली. आणि त्या साखरेच्या पाण्यावर पोसली कोण, तर काळी बुरशी. पेरलं ते उगवलं नाही, न पेरलेलं फोफावलं.

बाई बदलीच्या गावी जाण्याआधी निरोप घ्यायला आल्या. ताईनं त्यांना एक पिशवी शिवून दिली होती. बाईंना रडू आवरेना. ताई त्यांना म्हणाली, "तुम्ही कशाला रडता? एक अख्खी थंडी घेतला की मी श्वास."

पुढची थंडी वाईट गेली. जिन्यातल्या प्लास्टिक पेंटखाली ओल कोंडली, तिला बाहेर पडायला एकच बाजू उरली, ताईच्या खोलीची. रंगारी आठवड्याला खरवडायचा. खरवडलं की धूळ उडायची, म्हणून तिला बाहेर बसवायचा, बाहेर गारठा. डॉक्टर म्हणाले जागा बदला. जणू जागा बदलणं म्हणजे सदरा बदलणं. वरच्या मजल्यांवर एकही घर रिकामं नव्हतं. कोरड्या हवेच्या गावी मावसभाऊ होता, त्याला रंगाऱ्यानं फोन केला. मावसभाऊ फार गोड बोलला. घरात चाललेल्या अडचणी एकेक करून सांगितल्या आणि ताईला नमस्कार सांग म्हणाला.

ताई बसून झोपायला लागली. आडवं झालं की छाती भरायची. यंत्र बंद पडलं. तिच्या गमतीही कमी झाल्या, कारण गमतीला श्वास लागतो आणि तो तिला दुसऱ्या कामाला हवा होता. एकदा भिंतीकडं बघून फक्त म्हणाली, "भावजयीची सवत आली." रंगाऱ्याला कळलं, पण हसता आलं नाही.

दवाखान्यात तिला दोनदा नेलं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा खिडकीजवळची खाट मिळाली. सकाळची वेळ होती, झाडूवाली फरशी पुसून गेली होती. रंगारी स्टुलावर बसून तिचे तळवे चोळत होता.

"धाकट्या, खिडकी उघड," ती म्हणाली.

खिडकी उघडीच होती. तो उठला, गजांना हात लावला, पुन्हा येऊन बसला. "उघडली," म्हणाला.

"हं," ती म्हणाली. दुपारच्या आत ती गेली.

इमारतीतले झाडून सगळे आले होते. सेक्रेटरींनी धावपळ केली, गाडी आणली, सगळं बघितलं. नातीला सुद्धा आणलं होतं. कुणी वाईट नव्हतं, आणि रंगाऱ्याला हेच झेपत नव्हतं. एखादा वाईट असता तर त्याच्याकडं बोट तरी दाखवता आलं असतं. आता बोट दाखवायचं तर स्वतःच्याच हातांकडं, आणि ते तर तिनंच सांगितलेलं काम करत होते.

तो नोकरीवर राहिला. दुसरं काही येत नव्हतं. यंत्र त्यानं देऊन टाकलं, खोलीची भिंत रंगवली, कामाला लागला. मास्तरांचे गुडघे पुरते गेले, मुलगी येऊन त्यांना आपल्याकडं घेऊन गेली. जाताना मास्तरांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. जिन्यात थांबून त्यांनी नुसताच रंगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांची जागा भाड्यानं निघाली. रंगारी तिथं पुट्टी भरत असताना एक नवं जोडपं बघायला आलं. बायको गरोदर होती. तिनं सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली, भिंतीवरून बोट फिरवलं आणि त्याला विचारलं, "काका, इथं ओल येते का हो?"

"येते," तो म्हणाला.

नवरा हसला. "कुठं येत नाही? आठ जागा बघितल्या आम्ही. निदान इथून कामावर चालत जाता येईल."

बायको हसली नाही. पोटावर हात ठेवून तिनं विचारलं, "मग पलंग कुठल्या भिंतीला लावू?"

त्यानं हातातल्या पत्र्यानंच आतली भिंत दाखवली. "त्या. जिन्याच्या भिंतीपासून लांब."

ती दोघं तिथं जाऊन पावलांनी जागा मोजायला लागली. रंगाऱ्यानं बादलीतली पुट्टी पुन्हा ढवळली आणि खिडकीखालचा राहिलेला कोपरा भरायला घेतला.